सोंगाचा ताप

धाकटी आली ती चपला न काढताच आत आली, आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या थोरलीच्या अंगावरचं पांघरूण तिने एका हिसक्यात बाजूला केलं. लग्न होऊन गेल्यावर अकरा वर्षांत ती या घरात मोजून पाच-सहा वेळा आली असेल, तीही पाहुण्यासारखी, घड्याळाकडे बघत... आणि आज मात्र विचारपूस नाही, काही नाही, तिने सरळ बहिणीचा डावा हात धरला आणि बाही कोपराच्या वर सारली. दंडापासून खाली उतरत आलेला, तळहाताएवढा लालभडक चट्टा तिथे होता. धाकटीने त्यावर बोटं टेकवली आणि चटका बसावा तशी मागे घेतली.

“ताई,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, “एकदाच खरं सांग. तुझा ताप खरा होता की सोंग?”

थोरलीने कूस बदलली. तापाचा दुसरा दिवस होता. डोळ्यांभोवती सूज होती, ओठ वाळून गेले होते आणि पोटात कुणी पीळ घालत बसल्यासारखी कळ चालू होती. तिने बहिणीकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे.

“आता इतक्या वर्षांनी हे उकरून काय काढतेस?” आई म्हणाली. “तिनेच नाही का सगळ्यांसमोर सांगितलं होतं?”

“माझ्या चिमणीच्या हातावर हाच चट्टा आहे, आई.” धाकटीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. “दोन वर्षं झाली. सव्वा महिना लोटला की पोरीला ताप भरतो, सहा दिवस फणफणते, पोट धरून लोळते, आणि सातव्या दिवशी काही झालंच नव्हतं अशी उठून खेळायला जाते. आज सकाळी तिचं अंग पुसताना पहिल्यांदाच चट्टा उठलेला दिसला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. लहानपणी मी हा चट्टा शंभरदा पाहिलाय. माणूस सोंग करून कण्हेल, विव्हळेल... पण अंगावर चट्टा कुठून आणेल?”

थोरलीला वाटलं, या प्रश्नाची आपण अकरा वर्षं वाट पाहत होतो.

* * *

तिला पहिला ताप आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडील वर्षभरापूर्वीच गेले होते, धाकटी अजून रांगत होती, आणि आई एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायच्या कामाला लागली होती. सकाळी सातला वाफेच्या त्या दालनात शिरायचं, दिवसभर जड इस्त्री फिरवायची आणि संध्याकाळी पायांचे नुसते खांब झालेले घेऊन घरी यायचं. अशा बाईच्या घरात आजारपणाला जागा कुठली?

तरी सुरुवातीला तिने डॉक्टर केले. एकाने टॉन्सिल काढले. दुसऱ्याने जंतांचं औषध दिलं. तिसऱ्याने रक्त तपासायला सांगितलं, पण तपासणीचा दिवस उजाडेपर्यंत ताप गेलेला असायचा, आग विझल्यावर बंब पोचावा तसं. चौथा डॉक्टर कागद बाजूला सारून हसला आणि म्हणाला, “बाई, तुमची पोरगी हुशार आहे. शाळा बुडवायची कला तिला साधलीये.” त्या दिवशी ‘सोंग’ हा शब्द त्यांच्या घरात शिरला, आणि घरातल्या माणसासारखा तिथेच राहिला.

शाळेतल्या मुलींनी तिचं नाव ‘थर्मामीटर’ ठेवलं. कुणी उशिरा आलं, कुणाचा गृहपाठ राहिला की म्हणायच्या, “काय गं, आज थर्मामीटर चढलं वाटतं?” वार्षिक परीक्षेच्या तीन खेपा तापात बुडाल्या. आई पहाटे उठवायची, ती उठायची, भिंतीला धरून दोन पावलं टाकायची आणि खाली बसायची. “अंग मोडून काम केलं की ताप पळतो,” आई म्हणायची. “मी नाही का जात?” आणि दार ओढून निघून जायची. पोटची माया कुठे गेली, असं त्या लहान जिवाला वाटायचं... मग स्वतःचाच राग यायचा. खरंच आपण सोंग तर करत नसू? जग सगळं एका सुरात सांगतंय, मग खोटी आपणच असू.

शिक्षण अर्ध्यावर सुटलं. एकोणिसाव्या वर्षी ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागली. दवाखान्यांतून रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात जागेवर बसवायचा, मग घासून-पुसून चकाकी आणायची. कारखाना चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तिने पहिल्याच दिवशी खाली मान घालून सांगून टाकलं, “मला दर सव्वा महिन्याने ताप येतो. लोक म्हणतात, खोटा आहे.”

उस्तादने चष्म्यावरून बघितलं. “हे बघ, तुझा ताप खरा की खोटा ते मला ठाऊक नाही. माझा धंदाच खोट्या दातांचा. पण तू बसवलेले दात माणसाच्या तोंडात खरे बसले, की बास. सहा दिवस झोप, उरलेले दिवस राब.”

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला झोप म्हणालं होतं. ती साच्यांच्या फळीमागे जाऊन रडली.

तिथेच तिची चष्मेवाल्याशी ओळख झाली. समोरच्या दुकानात तो भिंगं घासायचा आणि आपल्या आजोबांची कवळी दुरुस्तीला घेऊन यायचा. ती कवळी इतक्या वेळा मोडू लागली, की उस्ताद म्हणाला, “तुझे आजोबा दगड खातात का रे?” दोघंही लाजली. बोलणी व्हायची होती... आणि नेमकं त्याच सुमारास धाकटीचं लग्न ठरलं.

ठरलं आणि मोडायलाही टेकलं. मुलाच्या आईला कुणीतरी जाऊन सांगितलं, की थोरलीला काही विचित्र आजार आहे, घराण्यातला असणार. बाई मुलाला घेऊन तडक घरी आल्या. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहालाही हात लावला नाही. “माझा एकुलता एक मुलगा आहे,” त्या म्हणाल्या. “आजारी रक्त मी माझ्या घरात घेणार नाही. मला स्पष्ट काय ते सांगा.”

आई उठून स्वयंपाकघरात आली. थोरली तिथे पाटावर बसली होती. ताप नुकता उतरला होता आणि हातपाय कापसासारखे झाले होते. आईने तिच्यापुढे गुडघे टेकले. या बाईला तिने कधी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं.

“त्यांना सांग, सगळं नाटक होतं म्हणून,” आई पुटपुटली. “कामाचा कंटाळा म्हणून करत होते, असं सांग. तुझं काय, तू आपल्या पायावर उभी आहेस. तिचं आयुष्य उभं राहायचंय... एवढं कर. मी जन्मभर तुझे उपकार विसरणार नाही.”

थोरली भिंत धरून उठली. बाहेर गेली. त्या परक्या बाईसमोर, भावी मेहुण्यासमोर, पडद्याआड उभ्या असलेल्या धाकटीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, “मला काही आजार नाही. लहानपणापासून खोटं बोलत आले. लाड व्हावेत म्हणून, काम चुकावं म्हणून. माझ्या बहिणीचा यात काही दोष नाही.”

लग्न थाटात झालं. धाकटीने मात्र तिला मिठी मारली नाही. “माझं अर्धं बालपण तुझ्या उशाशी पाणी देण्यात गेलं,” एवढंच म्हणाली. चष्मेवाल्याच्या कानावर बातमी गेली. तो कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. “आजार असता तर सांभाळला असता,” तो म्हणाला. “खोटेपणा कसा सांभाळू?” त्याला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य फिरत फिरत धाकटीच्या सासरी पोचलं असतं. ती गप्प राहिली. तो गेला.

आणि ताप येतच राहिला. ज्याने आपल्या तोंडाने सोंग कबूल केलं, त्याला आपल्या घरात कण्हायचाही हक्क उरत नाही. ती उशीत तोंड खुपसून सहा दिवस काढायची. एकच आधार होता तिला... की आपल्या या बदनामीवर बहिणीचा संसार उभा आहे, सुखाने उभा आहे.

* * *

“खरा होता,” थोरली म्हणाली. “तेव्हाही, आताही.”

धाकटी पलंगाशेजारी जमिनीवर बसली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते रागापेक्षा भयंकर होतं.

“मग खोटं का बोललीस?”

“तुझं लग्न मोडू नये म्हणून.”

“दोन वर्षांपूर्वी चिमणीच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, घरात आणखी कुणाला असा ताप येतो का?” धाकटी सावकाश बोलत होती. “काय सांगितलं असेल मी? म्हटलं, एक बहीण होती तापाची, पण ती नाटकी निघाली. त्या म्हणाल्या, मग दुसरं काहीतरी असेल. दुसरं काहीतरी शोधण्यात दोन वर्षं गेली. किती सुया टोचल्या तिला, किती औषधं घशाखाली ढकलली... शेवटी शेवटी मीसुद्धा तिला विचारायला लागले, सोंग तर करत नाहीस ना गं?” तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “तू माझ्यासाठी त्याग केलास, ताई. आणि त्याची किंमत माझ्या लेकराने दिली.”

आयुष्यात एकच गोष्ट आपण चांगली केली असं थोरलीला वाटत होतं. ती गोष्टसुद्धा आज तिच्या हातातून काढून घेतली गेली, आणि काढून घेणारी खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच ती धाकटीबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनाही तेच हवं होतं. खोली लहान होती आणि माणसं फार. आठ वर्षांची चिमणी बापाच्या मांडीवर ग्लानीत पडली होती, तिची आजी, म्हणजे धाकटीची सासू, पदराने तिला वारा घालत होती, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर थोरलीची आई बसली होती. डॉक्टरीणबाईंनी मावशीचा हात आणि भाचीचा हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन चट्टे, एक मोठा, एक लहान, दोन्ही खाली मनगटाकडे सरकत निघालेले.

“हा ताप जंतूंचा नाही,” त्या म्हणाल्या. “शरीराची स्वतःचीच आग आहे, उगाच पेटणारी. जन्मतःच असतो आणि घराण्यातून खाली येतो. मला एवढंच सांगा, वरच्या पिढीत कुणाला होता?”

सासूबाईंचा हात थांबला. “म्हणजे अकरा वर्षांपूर्वी आम्हाला फसवलं तर,” त्या म्हणाल्या. “विहीणबाई, माझ्या समोर बसून फसवलंत.”

आईने मान खाली घातली. तिने आपले इस्त्रीने राठ झालेले हात पदराआड ओढून घेतले. थोरलीने ते पाहिलं. उभ्या जन्मात तिच्यावर ज्या बाईने विश्वास ठेवला नाही, तिचे ते हात... आणि जुन्या सवयीने ती पुन्हा पुढे झाली.

“आईला काही ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “फसवलं ते मी. आईला सोंगच वाटत होतं. जे काही बोलायचं ते मला बोला.”

“गप्प बस,” आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“आणखी किती खोटं बोलणार आहेस माझ्यासाठी?” आई उठून उभी राहिली. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत होती, लेकीकडे बघायचं धैर्य तिला नव्हतं. “तिला मीच सांगायला लावलं. पाया पडून. आणि मला ठाऊक होतं... पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण मलाही येतो. नऊ वर्षांची असल्यापासून. तिच्याइतका जोराचा नाही, पण हाच. हाच चट्टा, हीच कळ. अजूनही येतो.”

“आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“लाँड्रीत सगळ्यांचीच तोंडं लाल असतात, बाई. वाफेत तापलेला चेहरा कोण वेगळा बघतो?”

सासूबाईंनी तोंड उघडलं होतं, पण त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, आता नको,” आणि त्यांनी चिमणीला आपल्याजवळ ओढून घेतलं. पोरगी झोपेत कण्हली.

बाहेर लांबट व्हरांड्यात बाक होतं. थोरली त्यावर बसली. आई समोर उभी राहिली, हवालदारासमोर उभं राहावं तशी.

“तुला ठाऊक होतं,” थोरली म्हणाली. तिला रडू येत नव्हतं. “मला वाटायचं, आईला कळत नाही, बिचारी काय करेल. यावर मी तीस वर्षं काढली. आणि तुला ठाऊक होतं. माझ्या पोटात कळ उठायची तेव्हा ती कशी असते हे जगात फक्त तुलाच कळत होतं, आणि तूच मला सोंगाडी म्हणत होतीस.”

“मी उठत होते,” आई म्हणाली. “मला वाटायचं, सोंग म्हटलं की तूही उठशील. आजार म्हटलं की माणूस झोपतं गं. तुला एकदा आजारी म्हटलं असतं, तर त्याच आजाराने मलाही झोपावं लागलं असतं. मग तुम्हा दोघींना जेवायला कुणी घातलं असतं?” ती थांबली. “चांगलं केलं असं नाही म्हणत. उठता उठता दगड झाले मी. ते मला कळत होतं.”

“मी उठू शकत नव्हते, आई. माझा ताप तुझ्यासारखा हलका नव्हता.”

“हो,” आई म्हणाली. “ते मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आणि उशीर झालेलं कबूल करायला आणखी उशीर झाला.”

* * *

तपासण्यांचे कागद महिन्याभराने आले. आई, थोरली आणि चिमणी, तिघींच्या रक्तात एकच दोष होता, आणि तो धाकटीतही होता, पण तिच्या अंगात त्याने कधी डोळे उघडले नव्हते. नुसता तिच्यातून पुढे गेला होता. औषध होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि चिमणीचा ताप थांबला. दोन महिने, चार महिने... पोरगी शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत शेवटची आली आणि घरच्यांनी पहिली आल्यासारखं डोक्यावर घेतलं.

थोरलीच्या कागदात आणखी एक ओळ होती. तीस वर्षं न विझलेल्या त्या आगीने तिची मूत्रपिंडं खाऊन टाकली होती. “दहा-अकरा वर्षं आधी आला असतात तर...” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ते पुरं करायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते खोलीतल्या दोघीही बहिणींना पाठ होतं.

आईने आपलं मूत्रपिंड देऊ केलं. धाकटीनेही. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून समजावलं, की ज्या झाडाला कीड त्याच झाडाचं कलम लावून उपयोग नाही. जे द्यायला तिच्या माणसांनी उभा जन्म लावला, ते आता द्यायची इच्छा असूनही त्यांच्याकडे नव्हतं.

आठवड्यातून तीन दिवस तिला यंत्राला जोडून बसवायचे. चार तास रक्त बाहेर जायचं, धुऊन आत यायचं. उस्तादने तिचं टेबल खिडकीशी हलवलं आणि मेणाचं हलकं काम तेवढं तिच्याकडे ठेवलं. धाकटी प्रत्येक खेपेला तिला न्यायला यायची. सुरुवातीला दोघी परक्यासारख्या बसायच्या. मग एके दिवशी धाकटीने तिचा हात हातात घेतला, आणि चार तास सोडला नाही. माफी कुणी मागितली नाही. दोघींनाही कळत नव्हतं, कुणी कुणाची मागायची.

आईशी मात्र थोरली कामापुरतं बोलायची. ताट वाढ, दार लाव, औषध घेतलंस का... एवढंच. आईनेही जास्त काही मागितलं नाही.

एका सकाळी थोरली जायला तयार होऊन स्वयंपाकघरात आली, तर आई ओट्याशी उभी होती. चहा गाळत होती आणि गाळणं कपाच्या कडेवर खडखड वाजत होतं. मानेवर घाम होता, कानांमागचा भाग लाल झाला होता. तिला जे इंजेक्शन सांगितलं होतं ते ती ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळत होती. थोरलीने तिच्या हातातून गाळणं काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवलं.

“कधीपासून?”

“कुठे काय? झोप नीट झाली नाही...”

“आई.”

आईने ओट्याची कड धरली. “कालपासून,” ती म्हणाली. “ताप आहे मला.”

सत्तरीला टेकलेल्या त्या बाईने हे चार शब्द पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितले होते. थोरलीने तिला काखेत हात घालून सावरलं, आपल्या पलंगावर नेऊन निजवलं. आई अवघडून पडली होती, दिवसाउजेडी आडवं होणं तिला माहीतच नव्हतं.

खाली गाडीचा भोंगा वाजला. धाकटी आली होती. थोरली खिडकीपाशी गेली आणि हाताने तिला, जरा थांब, असं खुणावलं. मग तिने वाडग्यात पाणी घेतलं, एक मऊ फडकं भिजवलं आणि त्याची घडी करून आईच्या कपाळावर ठेवली.

आईने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानांकडे ओघळलं.

“माझ्यावरचा राग गेला का गं?” तिने विचारलं.

थोरलीने खोटं न बोलायचं ठरवलं. आयुष्यात खोटं बोलून झालं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”

घडी बघता बघता गरम झाली. तिने ती उचलली, पाण्यात बुडवली, पिळली आणि पुन्हा ठेवली.